विस्डेनच्या कव्हरवरचं चित्र काढणारा एरिक रॅव्हिलियस युद्धावर गेला आणि आइसलँडच्या आकाशात हरवला

विस्डेन घरात नसलं तरी त्याचं पिवळं कव्हर क्रिकेटवेड्या माणसाने कुठे ना कुठे पाहिलेलं असतं. १८६४ पासून दरवर्षी निघणारं हे क्रिकेटचं जाडजूड बाड. २०१४ च्या अंकाच्या कव्हरवर सचिन तेंडुलकर झळकला. विस्डेनच्या कव्हरवर आलेला तो पहिला भारतीय. साहजिकच आपल्याकडे या बातमीची जोरदार चर्चा झाली.

सगळ्यांचं लक्ष सचिनकडे होतं. पण विस्डेनच्या कव्हरवर एक छोटंसं चित्र वर्षानुवर्षं असतं. उंच काळ्या टोप्या घातलेले दोन जुन्या काळातले साहेब, एक बॅट घेऊन उभा आणि दुसरा त्याच्यामागे विकेटकीपिंगला. लाकडी ठोकळ्यावर कोरून त्याचा छापा काढलेलं हे चित्र १९३८ साली पहिल्यांदा आलं आणि विस्डेनची ओळखच बनलं. पुढे कव्हरवर खेळाडूंचे फोटो यायला लागले, चित्राचा आकार लहान झाला, पण ते गेलं नाही.

हे चित्र काढणाऱ्या माणसाचं नाव होतं एरिक रॅव्हिलियस. चित्र छापून आलं तेव्हा तो पस्तिशीच्या आसपास होता. त्यानंतर चारच वर्षांनी, दुसऱ्या महायुद्धात, तो बसलेलं विमान आइसलँडजवळ बेपत्ता झालं. ना विमान सापडलं, ना माणसं. युद्धात जीव गमावलेला ब्रिटनचा तो पहिला अधिकृत युद्धचित्रकार.

आता प्रश्न असा की क्रिकेट, चहाचे कप आणि शांत टेकड्या रंगवणारा माणूस युद्धावर गेलाच कसा? आणि ज्या योजनेमागे कलाकारांना वाचवायचा हेतू होता, त्याच योजनेत त्याचा जीव कसा गेला?

दुकानदाराचा पोरगा

एरिकचा जन्म २२ जुलै १९०३ चा, लंडनमधल्या ॲक्टनचा. घरचा दुकानाचा धंदा. पुढे कुटुंब दक्षिण किनाऱ्यावरच्या ईस्टबर्न गावी गेलं. वडील अतिशय धार्मिक, पण धंद्यात त्यांचं बस्तान काही नीट बसलं नाही. घरात पैशाची ओढाताण. अशा घरातल्या मुलाला चित्रकार व्हायचं असेल तर एकच रस्ता, शिष्यवृत्ती. एरिकने ती मिळवली. आधी ईस्टबर्नच्या कलाशाळेत आणि मग १९२२ साली थेट लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ आर्टमध्ये.

तिथे पहिल्याच दिवशी त्याची गाठ एडवर्ड बॉडन नावाच्या मुलाशी पडली. बॉडन लाजाळू आणि एककल्ली, तर एरिक हसतमुख, शीळ घालत फिरणारा, चटकन मैत्री जमवणारा. दोघांची जोडी जी जमली ती जमलीच. ही मैत्री लक्षात ठेवा, कारण एरिक गेल्यावर त्याची चित्रं बॉडनच्याच घरी राहणार आहेत.

त्यांना शिकवायला पॉल नॅश होता. पहिल्या महायुद्धात खंदकांमध्ये राहून आलेला, तोफांनी फुटलेली जमीन आणि जळालेल्या झाडांचे खुंट रंगवून गाजलेला हा चित्रकार. एक युद्धचित्रकार वर्गात शिकवतोय आणि समोर बसलेल्यांमध्ये पुढच्या युद्धाचा चित्रकार आहे, हे तेव्हा कुणाला माहीत असणार? नॅशने एरिकमधली चमक ओळखली आणि लाकडावर कोरीवकाम करायला त्याला प्रोत्साहन दिलं.

हे काम वाटतं तितकं सोपं नसतं. कठीण, गुळगुळीत लाकडाच्या ठोकळ्यावर बारीक हत्याराने रेषा कोरायच्या. जिथे कोरलं तिथे कागद पांढरा राहणार, जिथे सोडलं तिथे शाई लागणार. म्हणजे विचार उलटा करायचा. काय काळं करायचं यापेक्षा कुठे उजेड ठेवायचा हे आधी ठरवायचं. चूक झाली तर खोडायची सोय नाही. एरिकने असे शेकडो ठोकळे कोरले. विस्डेनचं चित्र त्यातलंच एक.

टर्झा

पदवीनंतर एरिक ईस्टबर्नच्या कलाशाळेत अर्धवेळ शिकवायला लागला. तिथे त्याच्या वर्गात एक मुलगी आली, टर्झा गारवूड. लष्करी अधिकाऱ्याची लेक, खात्यापित्या घरातली. एरिककडून ती कोरीवकाम शिकली आणि बघता बघता त्याच्या तोडीस तोड काम करायला लागली. लोकांच्या वागण्यातल्या गमती टिपण्यात तर ती त्याच्या पुढेच होती.

दुकानदाराचा मुलगा जावई म्हणून तिच्या घरी फारसा पसंत पडण्यासारखा नव्हता. तरी जुलै १९३० मध्ये दोघांनी लग्न केलं.

त्याच वर्षी एरिक आणि बॉडनचं पहिलं मोठं काम लोकांसमोर आलं. लंडनच्या मॉर्ली कॉलेजच्या भिंतींवर दोघांनी दोन वर्षं खपून भित्तिचित्रं काढली होती. उद्घाटनाला माजी पंतप्रधान स्टॅन्ली बाल्डविन आले. दोघांचं नाव झालं. पुढे १९४० साली लंडनवर जर्मन बॉम्ब पडले तेव्हा ती भिंत, ती चित्रं सगळं नष्ट झालं. आज उरले आहेत फक्त फोटो.

लग्नानंतर एरिक-टर्झा आणि बॉडन नवरा-बायको अशी दोन जोडपी एसेक्समधल्या ग्रेट बार्डफील्ड गावी एका जुन्या घरात राहायला लागली. दोघं मित्र सकाळी उठून रंगाचं सामान घेऊन बाहेर पडायचे आणि एकमेकांशी पैज लावल्यासारखे चित्रं काढायचे. एरिक जलरंगांत मुरला तो इथे.

हे सगळं ऐकायला छान वाटतं, पण संसार छान नव्हता. एरिकची दुसऱ्या बायकांशी प्रकरणं झाली आणि टर्झाला ती माहीत होती. घर, मुलं, पैशाची तंगी हे सगळं तिच्यावर. तिचं स्वतःचं कोरीवकाम मागे पडलं. कागदावर तरंगत्या रंगांची नक्षी उठवून ती विकायची, त्यातून घराला हातभार लागायचा.

रिकाम्या खुर्च्या

एरिकच्या जलरंगांत एक गोष्ट सारखी दिसते. माणसं जवळजवळ नसतातच. पण माणसं नुकतीच उठून गेलीत असं वाटत राहतं.

१९३९ च्या उन्हाळ्यातलं त्याचं एक प्रसिद्ध चित्र घ्या. टेकडीजवळचं मैत्रिणीचं घर, अंगणात मोठ्या छत्रीखाली चहाचं टेबल मांडलेलं, कपबश्या, किटली, ब्रेड. खुर्च्या रिकाम्या. पलीकडे शेत. चित्रात भीतीदायक असं काहीच नाही. पण त्या वर्षीच्या सप्टेंबरमध्ये युद्ध सुरू झालं हे माहीत असेल तर त्या रिकाम्या खुर्च्यांकडे बघून पोटात कसंतरी होतं.

त्याची पद्धतही वेगळी होती. जलरंग म्हटलं की आपल्याला शाळेतले ओघळणारे, एकमेकांत मिसळणारे रंग आठवतात. एरिक ब्रश जवळजवळ कोरडा ठेवायचा आणि बारीक बारीक रेघा ओढत जायचा. खालचा पांढरा कागद जागोजागी मोकळा सोडायचा. हे तो लाकडाकडून शिकला होता. उजेड रंगवायचा नाही, तो कागदात आधीच आहे, फक्त राखायचा.

कपबश्यांचीही एक गंमत. वेजवुड या नावाजलेल्या कंपनीसाठी त्याने नक्षी केली होती. १९३६ साली राजा आठव्या एडवर्डच्या राज्याभिषेकासाठी एक मग बनवला. मग तयार झाला आणि राजाने अभिषेकाआधीच गादी सोडली! माल मागे घ्यावा लागला. पण चित्र वाया गेलं नाही. तीच नक्षी थोडी बदलून सहाव्या जॉर्जसाठी वापरली आणि १९५३ मध्ये राणी एलिझाबेथसाठीही. तोवर चित्रकार या जगात नव्हता.

कलाकारांना वाचवण्याची योजना

युद्ध सुरू झाल्यावर एरिकने आधी गावातलं काम पत्करलं. टेकडीवरच्या चौकीत बसायचं आणि शत्रूचं विमान दिसतंय का ते पाहायचं.

तिकडे लंडनमध्ये नॅशनल गॅलरीचे संचालक केनेथ क्लार्क एका वेगळ्याच विचारात होते. पहिल्या महायुद्धात युरोपने चित्रकार, कवी, लेखकांची एक अख्खी पिढी खंदकांमध्ये गमावली होती. आता पुन्हा तसंच होणार? त्यांनी सरकारला पटवलं की युद्धाची नोंद चित्रकारांकडून करून घ्यावी. १९३९ च्या अखेरीस माहिती मंत्रालयाखाली युद्धचित्रकारांची एक समिती बनली. वरवर हेतू होता नोंद आणि प्रचार. पण चित्रकारांना कामाला लावून जिवंत ठेवणं हाही आपला एक हेतू होता, हे क्लार्क यांनी नंतर मान्य केलं.

या योजनेत पुढे चारशेहून अधिक कलाकारांनी काम केलं. जवळपास सहा हजार चित्रं जमा झाली. कुणी बॉम्बहल्ल्यात जळणारं लंडन रंगवलं, कुणी भुयारी रेल्वे स्टेशनात झोपलेली माणसं, कुणी कोसळलेले पूल आणि ढासळलेली चर्च.

डिसेंबर १९३९ मध्ये एरिकचं नाव निघालं. नौदलासाठी चित्रं काढायची. मानद कॅप्टनचा हुद्दा, अंगावर गणवेश आणि हातात बंदुकीऐवजी ब्रश.

त्याने सुरुवातीला काय रंगवलं माहितीये? बर्फात उभ्या असलेल्या रेल्वेच्या वाघिणीवर ठेवलेला जहाजाचा प्रचंड पंखा. बस, एवढंच. दुसऱ्या एका चित्रात पहाटेची ओहोटी आहे, लांबच लांब ओली वाळू, आणि त्यावरून चालत जाणारी चार-दोन छोटी माणसं. दिसायला फिरायला निघालेली. प्रत्यक्षात ती किनाऱ्यावर पडलेला जर्मन सुरुंग निकामी करायला निघालीत. सुरुंग फुटला तर त्यांच्यापैकी कुणीच परत येणार नाही. चित्र मात्र शांत. चित्राचं नाव वाचल्याशिवाय धोका कळतच नाही.

मध्यरात्रीचा सूर्य आणि बुडालेलं जहाज

मे १९४० च्या शेवटी एरिक हायलँडर या विनाशिकेवरून नॉर्वेकडे निघाला. जर्मनीने एप्रिलमध्ये नॉर्वेवर हल्ला केला होता आणि ब्रिटिश फौजा तिथे लढत होत्या. हायलँडरचं काम होतं विमानवाहू जहाजांना सोबत करायचं. त्यातलं एक होतं ग्लोरियस.

जहाज उत्तर ध्रुववृत्त ओलांडून गेलं. इथे उन्हाळ्यात सूर्य मावळतच नाही. रात्री बारा वाजताही पाण्यावर पिवळसर प्रकाश. एरिक हरखून गेला. उत्तर ध्रुवाकडच्या प्रवासांची वर्णनं वाचायचं त्याला आधीपासून वेड होतं. तो उजेड आता प्रत्यक्ष समोर होता. विमानांचे हल्ले होतायत, जवळ बॉम्ब पडतायत आणि हा गडी डेकवर बसून रंग बघतोय. टर्झाला लिहिलेल्या पत्रांमध्ये भीतीपेक्षा आनंद जास्त होता. अशा वेळी असं वाटणं बरोबर आहे का, असा प्रश्न कुणालाही पडेल. पण त्याने ते लपवलं नाही.

या फेरीतून जी चित्रं निघाली त्यातलं एक म्हणजे ग्लोरियसचं. थंड समुद्र, आकाशात न मावळणाऱ्या सूर्याचा उजेड, पाण्यावर ती अवाढव्य बोट आणि वर विमानं. बघणाऱ्याला वाटावं, काय सुंदर सकाळ आहे.

आता त्या जहाजाचं काय झालं ते ऐका. जूनच्या सुरुवातीला ब्रिटिशांनी नॉर्वेतून माघार घ्यायचं ठरवलं. हवाई दलाची हरिकेन विमानं तिथेच सोडून द्यायची की वाचवायची? ही विमानं जहाजावर उतरण्यासाठी बनलेलीच नव्हती. डेकवर उतरल्यावर विमान अडवायला शेपटीला आकडा लागतो, तो त्यांना नव्हता. वैमानिकांनी शेपटीत वाळूची पोती ठेवली, म्हणजे मागचा भाग जड होऊन करकचून ब्रेक मारता येईल. अशी १० हरिकेन विमानं त्यांनी ग्लोरियसवर सुखरूप उतरवली. कमाल केली.

दुसऱ्या दिवशी, ८ जून १९४० ला, शार्नहॉर्स्ट आणि ग्नायझनाऊ या दोन जर्मन युद्धनौकांनी ग्लोरियसला गाठलं. सोबत आर्डेंट आणि अकास्टा या दोनच विनाशिका. तिन्ही जहाजं बुडाली. दीड हजारांहून अधिक माणसं गेली. बर्फासारख्या पाण्यातून जिवंत निघाले ते चाळीसच्या आसपास. विमानं वाचवणाऱ्या वैमानिकांपैकी बहुतेक सगळे त्यात गेले.

एरिक दुसऱ्या जहाजावर होता म्हणून वाचला. काही दिवसांपूर्वी जे त्याने डोळ्यांनी पाहिलं होतं, ते आता समुद्राच्या तळाशी होतं. चित्र त्यानंतर पूर्ण झालं. त्यात त्याने आग दाखवली नाही, बुडणारी माणसं दाखवली नाहीत. ती त्याने पाहिलीच नव्हती. जहाज जसं दिसलं होतं तसंच त्याने ठेवलं. आज हे चित्र लंडनच्या इंपीरियल वॉर म्युझियमकडे आहे.

युद्ध इतकं सुंदर कसं?

इथे एक वाद येतो आणि तो खरा आहे. अनेकांना एरिकची युद्धचित्रं पटत नाहीत. युद्धात माणसं मरतायत, घरं जळतायत, आणि या माणसाला बर्फावरचा उजेड आणि विमानाच्या पंखांचे आकार दिसतायत? हे म्हणजे मुलाम्याचं काम नाही का? त्याचा गुरू पॉल नॅश याने पहिल्या युद्धात जी चित्रं काढली त्यात जमीनच जखमी दिसते. ते बघताना अंगावर काटा येतो. एरिकच्या चित्रांत जखम कुठे आहे?

याला दुसरी बाजू आहे. युद्धातला बहुतेक वेळ लढाईचा नसतो. वाट बघण्याचा असतो. तोफ तयार ठेवून बसलेले लोक, नकाशांच्या खोलीत उशिरापर्यंत जळणारे दिवे, धावपट्टीवर थांबलेली विमानं. एरिकने हे रंगवलं. त्याच्या चित्रातला माणूस नेहमी लहान असतो आणि भोवतीचं आकाश, समुद्र, यंत्र मोठं. शिवाय त्याला जे दिसलं तेच तो काढत होता. न पाहिलेलं शौर्य त्याने रंगवलं नाही आणि न पाहिलेलं रक्तही नाही. ग्लोरियसचं चित्र बघून ज्याला नंतरची गोष्ट कळते, त्याला ते पुन्हा पहिल्यासारखं दिसत नाही. आता तुम्हीच ठरवा.

नॉर्वेहून आल्यावर तो गॉस्पोर्टला पाणबुड्यांमध्ये उतरला. आत कोंदट हवा, उकाडा, चालायला जागा नाही, सगळीकडे नळ्या आणि चाकं. त्यातून त्याने शिळाछापाची एक मालिका केली. समितीने तिचा खर्च उचलायला नकार दिला, तर पठ्ठ्याने ती स्वतःच्या जबाबदारीवर छापून घेतली. मग न्यूहेवनच्या किनाऱ्यावरच्या तोफा, डोव्हर, स्कॉटलंडमधली नौदलाची विमानतळं. समुद्रावर उतरणाऱ्या छोट्या वॉलरस विमानांवर तर त्याचा जीव जडला. त्यातून तो उडायलाही लागला.

घरी काय चाललं होतं

१९४१ च्या वसंतात कुटुंब एसेक्समधल्याच शॅलफर्ड गावाजवळच्या एका शेतघरात राहायला गेलं. भाड्यातला काही हिस्सा पैशाऐवजी चित्रांत द्यायचा असं ठरलं, यावरून ओढाताणीचा अंदाज यावा. घरात वीज नाही, थंडी मरणाची. मोठा मुलगा जॉन सहा वर्षांचा होत आलेला, जेम्स दीडेक वर्षांचा आणि त्याच एप्रिलमध्ये मुलगी ॲन जन्मली. एरिक महिनोनमहिने बाहेर.

मार्च १९४२ मध्ये टर्झाला स्तनाचा कॅन्सर असल्याचं निष्पन्न झालं. ऑपरेशन करून स्तन काढावा लागला. एरिक काम सोडून घरी आला. पुढचे काही महिने त्याने घराजवळची कामं मागून घेतली. सॉब्रिजवर्थच्या विमानतळावर टायगर मॉथ विमानांतून उडत त्याने वरून दिसणारी शेतं रंगवली. आजारपणात अंथरुणावर असताना टर्झा आपलं आत्मचरित्र लिहायला लागली. त्यात तिने नवऱ्याची प्रकरणंही लिहिली आणि स्वतःचीही, कसलाही आडपडदा न ठेवता.

त्यांच्या एकत्र कामाची एक खूण आजही आहे. एरिकचं एक नावाजलेलं चित्र आहे, रेल्वेच्या तिसऱ्या वर्गाच्या डब्याचं. खिडकीतून टेकडीवर खडूत कोरलेला पांढरा घोडा दिसतो. एरिकला अशा दोन चित्रांपैकी एकही मनासारखं जमलं नव्हतं. टर्झाने कात्री घेतली, एका चित्रातला डबा आणि दुसऱ्यातलं बाहेरचं दृश्य कापून एकत्र चिकटवलं. आज लोक ज्या चित्रासमोर थबकतात ते असं दोघांचं आहे.

२ सप्टेंबर १९४२

उन्हाळा संपता संपता आइसलँडला जायची संधी आली. नॉर्वेतला तो उजेड एरिकच्या डोक्यातून गेला नव्हता. टर्झा अजून पुरती सावरलेली नव्हती, पण तिने त्याला अडवलं नाही.

२८ ऑगस्टला तो विमानाने रेक्याविकला पोहोचला. घरी लिहिलेल्या पत्रात त्याने वरून दिसलेल्या डोंगरांचं वर्णन केलं, चंद्रावरच्या विवरांसारखे, खोल सावल्यांचे. तिथे सीलच्या कातड्याचे हातमोजे चांगले मिळतात, तुझ्यासाठी घेतो, कागदावर हात ठेवून त्याची बाह्यरेषा काढून पाठव, असंही त्याने टर्झाला कळवलं.

तिथून तो काल्दादारनेसच्या हवाई तळावर गेला. १ सप्टेंबरला तिथलं एक हडसन विमान गस्तीवरून परतलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी पहाटे तीन विमानं त्याच्या शोधात निघाली. त्यातल्या एका हडसनमध्ये चार जणांचा चमू होता. एरिकने सोबत यायची परवानगी मागितली, ती मिळाली.

ते विमान परत आलं नाही. चार दिवस शोध चालला. मग हवाई दलाने पाचही जण गमावल्याचं जाहीर केलं. एरिक ३९ वर्षांचा होता.

टर्झाच्या हाती आली ती फक्त बेपत्ता असल्याची बातमी. तीन लहान मुलं, स्वतःचं आजारपण आणि नवरा नक्की गेला की नाही याचा कायद्याने निकाल नाही. त्याची कबर कुठेच नाही. नाव आहे ते चॅटमच्या नौदल स्मारकावर.

एरिकची जागा भरायला पुढच्या वर्षी थॉमस हेनेल या चित्रकाराला आइसलँडला धाडलं गेलं. तोही नंतर १९४५ मध्ये जावा बेटावर मारला गेला. त्याच वर्षी मार्चमध्ये अल्बर्ट रिचर्ड्स हा तरुण चित्रकार जीप सुरुंगावर गेल्याने मरण पावला. क्लार्क यांच्या योजनेने शेकडो कलाकार वाचले असतील, पण हे तीन चित्रकार गेले.

पलंगाखालचा खजिना

टर्झाने १९४६ साली हेन्री स्वॉन्झी यांच्याशी दुसरं लग्न केलं. पुन्हा चित्रं काढायला लागली, आता तैलरंगात. पण कॅन्सर परतला. मार्च १९५१ मध्ये, वयाच्या ४२ व्या वर्षी ती गेली. मुलं पोरकी झाली.

युद्धानंतरच्या जगाला एरिकच्या चित्रांचं फारसं काही वाटेना. मोठमोठ्या कॅनव्हासवर रंग फेकणाऱ्या नव्या कलेचा तो काळ. शांत इंग्लिश टेकड्या आणि चहाचे कप जुनाट ठरले. त्याची कितीतरी जलरंग चित्रं एडवर्ड बॉडनने आपल्या घरी, पलंगाखाली सांभाळून ठेवली होती. मुलं मोठी झाल्यावर १९७० च्या दशकात ती त्यांच्या हाती आली. बापाची नीटशी आठवणही नसलेल्या पोरांनी त्याला असं पहिल्यांदा पाहिलं.

मधला मुलगा जेम्स पुढे नावाजलेला फोटोग्राफर झाला. डेव्हनच्या खेड्यांतलं जगणं त्याने वर्षानुवर्षं टिपलं. धाकटी ॲन हिने आई-वडिलांची पत्रं आणि आईचं आत्मचरित्र संपादित केलं. ते आत्मचरित्र २०१२ मध्ये छापून आलं, लिहिल्यानंतर सत्तर वर्षांनी.

त्यानंतर चक्र फिरलं. २००३ मध्ये एरिकच्या जन्मशताब्दीला इंपीरियल वॉर म्युझियमने मोठं प्रदर्शन भरवलं. २०१५ मध्ये लंडनच्या डलविच गॅलरीतही त्याचं प्रदर्शन झालं. २०२२ मध्ये त्याच्यावर माहितीपट आला. आणि २०२४ मध्ये त्याच डलविच गॅलरीने प्रदर्शन भरवलं ते टर्झाचं, एरिकची बायको म्हणून नाही तर चित्रकार म्हणून.

मॉर्ली कॉलेजची भिंत बॉम्बने पाडली, ग्लोरियस तळाशी गेली, हडसन कधी सापडलं नाही. राहिलं ते कागदावरचं. आणि क्रिकेटच्या त्या पिवळ्या पुस्तकावर उंच टोप्यांचे ते दोन साहेब अजूनही दरवर्षी खेळायला उतरतात. पुढच्या वेळी विस्डेनचं कव्हर समोर आलं तर खेळाडूच्या फोटोसोबत त्यांच्याकडेही एकदा बघा.